खंडाळ्यापलीकडचा भाचा

शेठनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "माणूस मारलायस का कधी?"

सांगलीत त्यांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही बसलो होतो. ते गादीवर, मी हळदीच्या पोत्यावर. तोफखान्यात नऊ वर्षं काढून मी नुकताच घरी आलो होतो.

"तोफेनं मारला असंल," मी म्हणालो. "दिसला न्हाई."

शेठ हसले नाहीत. बडीशेपेचे दोन दाणे तोंडात टाकून म्हणाले, "बरं झालं. ज्यानं बघितलंय तो एक तर लवकर घाबरतो, नाहीतर लवकर चिडतो. मला दोन्ही नको."

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. शेठची हळद कलकत्त्याला जायची आणि तिथल्या अडत्यांशी बोलणी करायला वर्षातून तीन-चार वेळा त्यांना स्वतःला जावं लागायचं. त्या काळात ते शहर धड नव्हतं. कुठल्या गल्लीत कधी गावठी बॉम्ब फुटेल, कोणाला कुठं भोसकतील, याचा नेम नव्हता. व्यापारी माणूस दिसला की काही लोकांचे डोळे फिरायचे.

"मागच्या खेपेला आमचा एक माणूस तिथं गेला," शेठ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. "म्हणजे परत आला नाही."

मी पुढं विचारलं नाही. फौजेत न विचारायची सवय लागते.

मलाही काही लपवायचं होतं. माझा डावा कान तोफांच्या आवाजानं गेला होता आणि म्हणूनच फौजेनं मला घरी पाठवलं होतं. शेठना मी सांगितलं, मुदत संपली. कुंडलजवळ आमचं गाव. ऊस होता, विहीर होती, पण दोन थोरले भाऊ आणि त्यांची मुलं त्यात होती. मी बांधावर उभा राहिलो की भाऊ म्हणायचा, "तू बस रं, दमला असशील." दमण्यासारखं काही केलेलंच नसायचं. मला कुठंतरी लागायला हवं होतं.

शेठनी नियम घालून दिले. खेप कधी आहे ते कोणालाही सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही. मागच्या वेळी तारीख कुणाच्या तरी तोंडून फुटली होती, असा त्यांचा संशय होता. सांगली स्टेशनवर गाडीत बसायचं नाही, तिथं त्यांना पानवालाही ओळखायचा. मोटारीनं कराड, सातारा करत मुंबई गाठायची आणि तिथून रेल्वे धरायची. कलकत्त्यात एका लॉजात दोनदा उतरायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी ते कानातली भिकबाळी काढून ठेवत, धोतराऐवजी पँट घालत आणि बोटांचा हळदीचा पिवळा रंग जावा म्हणून साबण लावून हात घासत बसत. तो रंग कधीच पुरता गेला नाही. मी त्यांना खिशात हात घालून चालायला शिकवलं.

शेवटचा नियम त्यांनी पहिल्या खेपेला मोटारीतच सांगितला. खंबाटकीचा घाट उतरून पायथ्याचं खंडाळा मागं पडलं होतं.

"इथून पुढं मला शेठ म्हणायचं नाही," ते म्हणाले. "शेठ म्हटलं की लोक वळून बघतात. मामा म्हण. कोणी विचारलं तर तू माझा भाचा."

"व्हय, शेठ."

"काय?"

"व्हय, मामा."

ड्रायव्हरनं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

मला सख्खा मामा नव्हता. आई तिच्या घरची एकटीच. त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडाला नवाच होता. दोन दिवस आगगाडीत मी तो वापरला. मामा, पाणी. मामा, खाली उतरू नका, मी बघतो. हावडा येईपर्यंत तो जिभेवर बसला. येताना मात्र खंडाळा आलं की शेठ घसा खाकरायचे. ती खूण होती. तिथून मी पुढच्या सीटवर ताठ बसायचो आणि पुन्हा नोकर व्हायचो.

माझं काम म्हणजे लोकांचे हात बघणं. चेहरे फसवतात, हात फसवत नाहीत. कुणाचा हात सदऱ्याखाली आहे, कुणाचा पिशवीत आहे, कोण दोन्ही हात मोकळे ठेवून उगाच उभा आहे, हे बघत चालायचं. आगगाडीत मी दाराच्या बाजूला बसायला हवं होतं. पण शेठ दर वेळी म्हणत, "तू खिडकीत बस. तुला खिडकी लागते." मी कधीच तसं म्हटलं नव्हतं. एक-दोनदा सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात. शेवटी मी खिडकीत बसून दाराकडे बघत राहायचो, आणि शेठ माझ्याकडे बघत असायचे.

खेपा नसत तेव्हा हरिपूरला हळदीच्या पेवांवर मी राखण करायचो. जमिनीखाली खोल खोदलेली ती कोठारं, वरून मातीनं बंद केलेली. दिवसभर तिथं माणूस फिरकायचा नाही. महिन्यातून दोन दिवस गावी जायचो. बायकोला वाटायचं, मी बाराही महिने पेवांवरच असतो. तिला काही सांगायची मला बंदी होती आणि मी ती पाळली. घरात मी दाराकडे तोंड करून बसायचो. औंधला यमाईच्या यात्रेला तिला घेऊन गेलो, तर गर्दीत मी देवीकडे बघायच्या ऐवजी लोकांच्या हातांकडेच बघत होतो. ती म्हणाली, "कुनाला हुडकताय?" मी म्हणालो, "कुनाला न्हाई." ती पुढं चालू लागली. तिनं परत विचारलं नाही, आणि मला बरंही वाटलं, वाईटही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जाता-येता मोटार साताऱ्यातून जायची. तिथं शेठची धाकटी बहीण दिली होती, हे मला ड्रायव्हरकडून कळलं होतं. पण आम्ही तिथं कधीच थांबलो नाही. पोवई नाका आला की शेठ डोळे मिटून घ्यायचे आणि गाव मागं पडल्यावर उघडायचे. चहा आम्ही भुईंजला प्यायचो.

चौथ्या की पाचव्या खेपेला व्हायचं ते झालं. सकाळची दहा-अकराची वेळ. बडा बाजारातलं काम उरकून आम्ही ट्रामकडे निघालो होतो. शेठ नेहमी माझ्या उजव्या हाताला असत, चांगल्या कानाच्या बाजूला. त्या दिवशी मध्येच पोत्यांची हातगाडी आली, आम्ही दोघं तिला दोन बाजूंनी वळसा घालून गेलो आणि पलीकडे निघालो तेव्हा ते माझ्या डावीकडे होते. मी समोर दोन पोरसवदा माणसांचे हात बघत होतो. ते हात रिकामे होते.

एकदम कोणीतरी माझी कॉलर मागून धरली आणि मला एका दुकानाच्या दारात खेचलं. मी पडलो. माझ्या अंगावर शेठ पडले. तेवढ्यात रस्त्यावर धडाका झाला. त्या आवाजाची जात मला ओळखीची होती, तोफेचा आवाज त्यापुढं सभ्य म्हणायचा. धूर, खिळे, काचा. दुकानदारानं शटर खाली ओढलं आणि आम्ही अंधारात खोकत बसलो.

माझ्या डाव्या हातात कोपराखाली पत्र्याचा तुकडा घुसला होता. शेठनी आपला रुमाल काढला, तो पुरेना, मग सदऱ्याची बाही फाडली आणि जखम बांधली. गाठ घट्ट बसली.

"सगळी शटरं धडाधड पडत होती," ते म्हणाले. "मी तुला दोन हाका मारल्या."

मी नकळत उजवा कान त्यांच्याकडे वळवला.

"कुठला कान?"

"डावा."

"कधीपासून?"

"तोफखान्यात असल्यापासनं. तुमच्याकडं आलो तवापासनं हायच."

आता हे मला काढून टाकणार, असं वाटलं. टाकायलाही हवं होतं. दुकान छत्र्यांचं होतं. दुकानदारानं आम्हाला दोन स्टुलं दिली आणि तो स्वतः जमिनीवर बसून देवाचं नाव घेत राहिला. दुपारी शटर उघडलं तेव्हा शेठ उठले आणि न सांगता माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"चल, भाच्या," ते म्हणाले.

ते माझ्याकडून काहीतरी चुकल्यावर बोलतात तसं नव्हतं आणि कौतुकानं बोलतात तसंही नव्हतं. घरातल्या माणसाला म्हणतात तसं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धुरानं आलंय असं दाखवायची सोय होती.

कलकत्त्यातच हाताला टाके घालून घेतले. गावी आल्यावर बायकोनं हाताची पट्टी बघितली.

"ह्ये काय झालं?"

"पत्रा लागला."

"पेवावर कुठनं आला पत्रा?"

"आला कुठनं तरी."

तिनं गरम पाणी करून जखम धुतली. धुताना टाके मोजल्यासारखं बोट फिरवलं. आमच्या दोघांच्या मधे त्या दिवशी काहीतरी बंद झालं. पुढं संसार झाला, मुलं झाली, पण ते बंद झालेलं उघडलं नाही. दोष तिचा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात शेठच्या मुलीचं लग्न निघालं. घरासमोर मांडव होता, सनई होती. मी फाटकाशी उभा राहून येणाऱ्यांवर नजर ठेवत होतो. शेठ फाटकाबाहेर रस्त्यावर कुणा व्याह्याशी बोलत पाठमोरे उभे होते. आणि सामान उतरवून झालेला ट्रक मागं यायला लागला. चालवणाऱ्याला शेठ दिसत नव्हते, शेठना सनईच्या आवाजात ट्रक ऐकू येत नव्हता.

"मामा!" मी ओरडलो. "मामा, मागं!"

शेठनी व्याह्याचा हात धरून बाजूला उडी मारली. ट्रक त्यांच्या जागेवरून मागं गेला आणि थांबला. लोक धावले, ट्रकवाल्याला शिव्या बसल्या, कुणालाही काही झालं नव्हतं.

पायरीवर एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, शेठचंच नाक. साताऱ्याची बहीण, हे मला सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी नजर खाली घातली.

"दादा," त्यांनी विचारलं, "कोण म्हणालं?"

शेठनी धूळ झटकली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"कोणी नाही," ते म्हणाले. "आत चल."

पंगती उठल्यावर ड्रायव्हर मला मोटारीपाशी भेटला. त्यानं पत्रावळीवर माझ्यासाठी जिलबी आणली होती. आम्ही सावलीला बसलो.

"तुला खरंच ठावं न्हवतं व्हय?" तो म्हणाला.

"काय?"

"त्यो मागल्या खेपेचा मानूस. त्यो भाचा हुता मालकांचा. ह्या बाईचा एकुलता एक ल्योक. तीस वर्सांचा घोडा. बाईला नवरा न्हाई, ल्योकच समदं बघायचा."

मी जिलबी खाली ठेवली.

"तितं मालक लॉजात तापानं पडलं हुतं," ड्रायव्हर सांगत होता. "म्हनून त्याला एकट्याला धाडला अडत्याकडं. परत आलाच न्हाई. कुनी भोसकला, कशापायी, काय कळलं न्हाई. जाळला बी तिकडंच. तवापासनं मालक साताऱ्याला उतरत न्हाईत. आन गाडीत तुला पयल्यांदा 'मामा म्हन' म्हनलं, तवा माझ्या हातातलं स्टेरिंग हाललं, गड्या."

दुपारभर मी फाटकाशी उभा होतो आणि काहीच बघत नव्हतो. खिडकीत कोणाला बसायला आवडायचं, ते मला कळलं. छत्रीच्या दुकानात शेठनी ज्याला मागं खेचलं, तो मी होतो की दुसरा कोणी, हे मात्र कळेना. मला राग यायला हवा होता. मी कुणाच्या तरी कपड्यात वावरत होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. पण राग आला नाही. उलट तो शब्द आता पुन्हा तोंडात घेता येणार नाही, याचंच वाईट वाटत राहिलं.

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा निघालो. साताऱ्यात पोवई नाका आला. शेठचे डोळे उघडे होते.

"आत घे," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

बहिणीचं घर एका चढावर होतं. शेठ एकटेच आत गेले. मी मोटारीला टेकून उभा राहिलो. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि त्या बाई बाहेर आल्या, एकट्याच. हातात पाण्याचा तांब्या होता.

"तुम्हीच ना ते? लग्नात हाक मारली ते?"

"व्हय. चुकलं माझं. मला म्हाईत न्हवतं."

त्यांनी मान हलवली. मी पाणी प्यालो. त्या तांब्या परत घेऊन तिथंच थांबल्या.

"तुम्ही दादाबरोबर तिथं जाता," त्या म्हणाल्या. "ती जागा बघितलीत का? माझा मुलगा पडला ती?"

"न्हाई."

"दादा सांगत नाही. चार वेळा पत्र टाकून विचारलं. आत्ताही विचारलं, तर नुसता रडतो. मला त्याचं रडणं नकोय हो. ती जागा कशी आहे, एवढंच हवंय. मला सारखं वाटतं, अंधार असेल, गटार असेल. तुम्ही बघून याल?"

"बघून यीन," मी म्हणालो.

त्या खेपेत खंडाळा मागं पडलं तरी मी 'मामा' म्हणालो नाही. शेठनीही आठवण केली नाही. आगगाडीत नागपूरचे एक गृहस्थ समोर होते. त्यांनी विचारलं, हे तुमचे कोण? शेठ म्हणाले, "सोबतीला आहेत." मला 'आहेत' म्हणाले. मी दाराच्या बाजूला बसलो होतो.

कलकत्त्यात काम संपल्यावर मी शेठना सांगितलं की बाईंनी मला एक काम सांगितलंय. कुठलं, ते त्यांना लगेच कळलं. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातले हात बाहेर काढले, चेहऱ्यावरून फिरवले आणि चालू लागले. मी त्यांच्यामागून निघालो. दोन गल्ल्या ओलांडून एका कोपऱ्यावर ते थांबले. बोटानं दाखवलं आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी पंधरा-वीस मिनिटं तिथं उभा होतो. काम म्हणून नाही, आयुष्यात पहिल्यांदा एखादी जागा नुसती बघत होतो. सगळं लक्षात ठेवलं.

परतताना साताऱ्याला मोटार थांबली. या वेळी शेठ मोटारीत बसून राहिले, मी आत गेलो. बाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाट दिला.

"गल्ली रुंद हाय," मी सांगितलं. "दगडी फरशी हाय. कोपऱ्यावर पिंपळाचं झाड हाय, म्हंजे ऊन लागत न्हाई तितं. एक म्हातारी पेरू विकायला बसती. पलीकडं शाळा हाय बारकी, पोरांचं पाढे म्हटल्यालं ऐकू येतं."

"गटार?"

"न्हाई."

"अंधार?"

"न्हाई. दिवसभर मानसं असत्यात."

"म्हणजे कोणीतरी होतं जवळ."

त्या म्हातारीला मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं होतं. तिला नीट आठवत होतं की नाही, कोण जाणे. पण तिनं मान हलवून हाताच्या ओंजळीनं पाणी पाजल्याची खूण केली होती. मी ते बाईंना सांगितलं. खरं होतं की नाही याची जबाबदारी माझ्यावर आहे, असं मला आजही वाटतं.

बाईंनी निवडलेले तांदूळ सुपात गोळा केले. रडल्या नाहीत. "पेरू त्याला आवडायचे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि मला जेवून जायचा आग्रह केला. मी जेवलो. मोटारीत शेठ अडीच तास बसून होते. आत आले नाहीत.

त्यानंतर दोनच खेपा झाल्या. ते शहर हळूहळू शांत झालं. पुढं तिकडचे खरेदीदारच हंगामात सांगलीला यायला लागले. शेठनी मला बोलावून सांगितलं, आता जायची गरज पडणार नाही, पेवांवर हवं तितकं राहा. चांगल्या मनानंच सांगितलं. त्यांना भीती होती तोवर त्यांना मी लागत होतो. भीती गेली, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? मी एक हंगाम हरिपूरला काढला. शेठ महिन्यातून एकदा पेवं बघायला यायचे, मुकादमाशी बोलायचे, मला "बरं आहे ना?" विचारायचे. आम्हाला एकमेकांशी बोलायला आगगाडीच लागत होती, असं दिसतं. मग मी काम सोडलं आणि आमच्याकडच्या साखर कारखान्यावर फाटकावर लागलो.

दशक संपता संपता फौजेतल्या पेन्शनच्या एका कागदासाठी मला साताऱ्याला जावं लागलं. काम लवकर झालं. पुढची गाडी दुपारची होती. मी चढ चढून त्या बाईंच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई पापड वाळत घालत होती.

"त्या नाहीत," ती म्हणाली. "भावाकडे सांगलीला गेल्या आहेत. आता तिकडंच राहतात बहुतेक करून. काही निरोप आहे का?"

"न्हाई, निरोप काय न्हाई."

"कोण आलं होतं म्हणून सांगू?"

तिच्या हातातला पापड वाऱ्यानं हलत होता.

"कुंडलकडचं कोनी आलं हुतं म्हना," मी म्हणालो आणि स्टँडकडे उतरायला लागलो. कराडची गाडी लागली होती. बसायला जागा मिळाली, शेजारची सीट कराडपर्यंत रिकामीच राहिली.